‘भुसावळ? तिथं?’

ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं की आम्ही भुसावळला राहायला चाललोय, तेव्हा आमच्या कॅशियरने चहाचा कप खाली ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "का बरं? घरी काही झालं का?" म्हणजे माणूस आपल्या मर्जीने जळगाव सोडून भुसावळला जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यातच बसेना. अंतर किती, तर पंचवीस किलोमीटर. मधे भादली स्टेशन, नशिराबाद, वाघूर नदीचा पूल, साकेगाव, की आलं भुसावळ. पण जळगावच्या माणसाला विचारा, तो असं बोलतो जसं काय चंबळच्या खोऱ्यात चाललाय.

मी मूळचा अमळनेरचा. बारा वर्षं जळगावात भाड्याने राहिलो, एमआयडीसीत एका डाळ मिलच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. २०२१ ला बायकोला भुसावळच्या एका शाळेत नोकरी लागली, वर्षभर तिने अपडाउन केलं, मुलगी तेव्हा तिसरीत, सकाळी सहाला डबे भरायचे, संध्याकाळी गाडी आउटरला अर्धा तास उभी, ती घरी आल्यावर चपला पण न काढता पलंगावर आडवी व्हायची. मग एक दिवस तीच म्हणाली की एकाने तर अपडाउन करायचंच आहे, मग तू कर. बरोबर होतं तिचं. जून २०२२ ला शिफ्ट झालो.

त्याआधीचे दोन महिने फोनवर फोन. आबांनी अमळनेरहून एकच वाक्य टाकलं, "तठे काय ठेयेल शे रे?" म्हणजे तिथं काय ठेवलंय. सासूबाई नाशिकच्या, त्यांनी तर व्हॉट्सॲपवर बातम्यांची कात्रणंच सुरू केली. गावठी कट्टा सापडला, अमुक हद्दपार, तमुकवर वार. रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाखाली एक कात्रण. बरं त्यातली निम्मी कात्रणं जळगावची, पाचोऱ्याची, एक तर धुळ्याचं होतं, पण त्यांच्या दृष्टीने सगळं तिकडंच.

आता खरं सांगायचं तर बदनामी काही हवेतून आलेली नाही, आणि "आमचं गाव बिचारं साधंभोळं" असं म्हणणाऱ्यातला मी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये इथं एका नगरसेवकासह पाच जणांचा एकाच रात्री खून झाला होता, देशभर बातमी झाली. आम्ही राहायला आल्यावर मे २०२४ मध्ये परत, गाडीवर गोळीबार होऊन दोन जण गेले, त्यातले एक माजी नगरसेवक. चोपड्याच्या वर सातपुड्यापलीकडं मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून गावठी पिस्तुलं खाली येतात हे आमच्या जिल्ह्यात शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. म्हणजे धूर आहे तिथं काहीतरी जळतंय, हे मान्य.

ती मे २०२४ ची रात्र मला नीट आठवते. उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा, आम्ही गच्चीवर गाद्या टाकून झोपलेलो. फोन आधी बायकोचा वाजला, मग माझा, मग परत तिचा. नाशिक, अमळनेर, पुण्याचा मेव्हणा. "तुम्ही कुठं आहात? दार लावा." आम्ही गच्चीवरून खाली बघतोय, तर गल्लीत कुल्फीवाला उभा, शेजारचे काका बनियनवर, हातात कुल्फी, त्यांच्याही कानाला फोन. त्यांनी वर बघून हात केला आणि म्हणाले, "तुम्हाले बी आला का भो?" म्हणजे गोळीबाराची बातमी आम्हाला नाशिकहून कळली. हे मी गंमत म्हणून नाही सांगत, दोन माणसं मेली होती. पण गावात राहणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदार माणसाला तिथली गुन्हेगारी कशी भेटते, तर अशी, फोनवरून.

परत सुरुवातीकडं येतो. भाड्याचं घर शोधताना एक गोष्ट लगेच लक्षात आली, भाडं बरंच कमी. जळगावात आम्ही दोन खोल्यांना साडेआठ हजार देत होतो, इथं साडेपाचमध्ये हॉल, किचन, दोन बेडरूम, वर गच्ची. घरमालक रेल्वेतून रिटायर झालेले मालगाडीचे गार्ड, सगळे त्यांना नानाच म्हणतात. ॲग्रीमेंट ऑनलाइन झालं, एजंट ते थम्बचं मशीन घेऊन घरीच आला, अकरा महिन्यांचं. मग भाडेकरूची माहिती द्यायला पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या हवालदाराने फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "जळगावहून भुसावळला? उलटं चाललंय साहेब तुमचं." त्याने चहा पण पाजला, तो जाऊ दे.

नाना म्हणजे गावाचा चालता बोलता इतिहास. संध्याकाळी ओट्यावर बसले की सुरू. रेल्वे यायच्या आधी हे म्हणे खेडंच होतं, १८६० च्या दशकात रेल्वे आली, इथून एक लाइन नागपूरकडं गेली आणि एक खंडवा-इटारसीकडं, आणि जंक्शन झालं तसं गाव फुगलं. लोकोशेड, वर्कशॉप, यार्ड, डिव्हिजनचं ऑफिस. १९४९ ला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग दीपनगरचं पॉवर हाऊस. सगळीकडून माणसं आली, तेलुगू, तमिळ, गोव्याचे, पंजाबी, सिंधी, यूपी-बिहारचे, आणि आजूबाजूचे लेवा पाटील तर आधीपासून होतेच. त्यामुळे इथली भाषा पण अशी की रिक्षावाला हिंदीत सुरू करतो, लेवा बोलीत शिवी देतो आणि मराठीत पैसे मागतो.

नानांचं म्हणणं असं, आणि मला ते पटतं, की अमळनेरबद्दल कोणी वाकडं बोललं तर अमळनेरवाला तिथंच अंगावर येतो. चाळीसगावचं तेच, धुळ्याचं तर विचारूच नका. भुसावळबद्दल बोललं तर अर्धं गाव म्हणतं, "आमचं मूळ गाव वेगळं, आम्ही इथं नोकरीला." तीन पिढ्या झाल्या तरी नोकरीलाच. मग बदनामीला अडवणार कोण?

बरं ती बदनामी नुसती गुंडगिरीची पण नव्हती. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशातली ४३४ शहरं होती आणि भुसावळचा नंबर ४३३ वा. मागे फक्त यूपीतलं गोंडा. जळगावच्या ऑफिसात हा आकडा सगळ्यांना पाठ, मॅचचा स्कोअर असावा तसा. मी आलो तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती, घंटागाडी येत होती, आमच्या गल्लीपुरतं तरी बरं होतं, पण मुख्य बाजाराच्या मागची गटार बघितल्यावर मला तो नंबर काही अन्याय वाटला नाही. एक सांगतो, हा नंबर आला तेव्हा गावातल्या लोकांना राग कमी आणि हसू जास्त आलं असं नाना सांगतात. "चला, शेवटून दुसरे, पास झालो."

माझं म्हणणं असं आहे की लोक भुसावळला ज्या गोष्टीसाठी घाबरतात तिने मला तीन वर्षांत एकदाही त्रास दिला नाही, आणि ज्या गोष्टींनी रोज जीव काढला त्याबद्दल मला आधी कोणी चकार शब्द सांगितला नाही. ना सासूबाईंनी, ना कॅशियरने.

पाणी. तापी नदी गावाला लागून वाहते, वर हतनूर धरण, आणि नळाला पाणी आमच्याकडं आठव्या-नवव्या दिवशी. कधी दहाव्या. उन्हाळ्यात बाराव्या दिवशी पण आलंय. जळगावात वाघूर धरणाचं पाणी आम्हाला दोन-तीन दिवसांनी यायचं तेव्हा मी कुरकुर करायचो, आता ते आठवलं की लाज वाटते. आणि वेळ कुठली, तर रात्री अडीच, पावणेतीन. पहिल्यांदा आलं तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. समोरच्या भाभी दार वाजवायला लागल्या, मी दचकून उठलो, डोक्यात सगळी कात्रणं फिरली, हातात मुलीची बॅट घेऊन दार उघडलं, तर बाई म्हणतात, "भैया, पाणी आया, टिल्लू लगाव!"

टिल्लू म्हणजे छोटी मोटार, नळाला लावायची आणि पाणी ओढायचं. लावायला परवानगी नाही, आणि ज्याने नाही लावली त्याच्या नळाला नुसती हवा येते, फुस्स. म्हणून सगळ्यांकडे आहे. रात्री तीन वाजता पूर्ण गल्लीतले लाइट चालू, सगळीकडून घर्र घर्र, बायका गाऊनवर ओढणी टाकून पाइप ओढतायत, पोरं झोपेतच बादल्या सरकवतायत, कोणाची टाकी भरून वाहायला लागली की चार घरांतून आरडाओरड. एक तास दहा मिनिटं. मग पुढचे नऊ दिवस त्या पाण्यावर. मी एक्सेलमध्ये हिशोब मांडला होता, कोणत्या दिवशी कपडे, कोणत्या दिवशी फरशी, बायकोने तो फ्रिजवर लावला आणि तिसऱ्या दिवशी फाडला.

पण गल्लीत मला सगळे ओळखायला लागले ते या पाण्यामुळेच. तीन वाजता माणसाजवळ दाखवायला काही नसतं. जळगावात बारा वर्षांत समोरच्या फ्लॅटवाल्याचं आडनाव मला दारावरच्या पाटीवरून माहीत होतं, बस.

दुसरं म्हणजे राख. दीपनगरला ५००-५०० मेगावॅटचे दोन संच, जोडीला ६६० चा नवीन. तिकडची राख वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात जाते आणि तिथून डंपरने कुठंकुठं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा सुटला की हायवेला मोटरसायकलवर दहा मिनिटं जा, भुवया पांढऱ्या. आमची मुलगी म्हणायची, पप्पा आजोबा झाले. आणि ऊन, त्याचं काय सांगायचं, ते सगळ्या जिल्ह्याला आहे, मेमध्ये ४५-४६ म्हणजे आमच्याकडं बातमी नाही.

रात्री-बेरात्रीचं मात्र उलटं निघालं. बायको एकदा पुण्याहून ट्रेनिंग संपवून रात्री दीडला उतरली, गाडी चार तास लेट. मी घ्यायला गेलो तर ती स्टेशनबाहेर टपरीवर आरामात चहा पीत उभी, आजूबाजूला पन्नास माणसं, रिक्षा, ड्युटीवर निघालेले रनिंग स्टाफवाले त्यांच्या लोखंडी पेट्या घेऊन, एक कुटुंब चादर टाकून जेवायला बसलेलं. ती म्हणाली की आपल्या जळगावच्या कॉलनीत रात्री दहाला कुत्र्याशिवाय कोणी नसायचं, तिथं जास्त भीती वाटायची. रेल्वेमुळे हे गाव झोपतच नाही. अर्थात यार्डाच्या कडेचा जो अंधारा रस्ता आहे तिथून ती पण जात नाही आणि मी पण जात नाही, उगाच शूरपणा नको.

चोरी झाली का म्हणाल तर झाली. २०२३ च्या दिवाळीत मोटरसायकलची बॅटरी गेली. दारातून. फिर्याद द्यायला गेलोच नाही, दीड हजाराची बॅटरी, नवीन टाकली, विषय संपला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

बदनामीची खरी किंमत कळली ती घर घ्यायला निघालो तेव्हा. २०२४ च्या दिवाळीनंतर ठरवलं की आता भाडं बास. जळगावात तशाच रो हाऊसला पंचेचाळीस-पन्नास लाख सांगत होते, इथं जामनेर रोडकडं सत्तावीसमध्ये सौदा ठरला. आधी दोन घरं सोडली. एक दिसायला फार छान, पण कागद बघितले तर गावाच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत, नमुना आठचा उतारा होता पण लेआउट मंजूर नाही, प्लॉट बिनशेती झालेला नाही, एजंट म्हणे "सगळे असेच राहतात". राहत असतील. इथं घर बघणाऱ्याने गुंडांची चौकशी करण्यापेक्षा बिनशेतीची ऑर्डर आणि मंजूर नकाशा मागावा, माणूस त्यात जास्त बुडतो. दुसऱ्या घराला नळाचं कनेक्शनच नव्हतं, नुसती बोअर, आणि ती मार्चमध्ये आटते हे शेजारणीने मला हळूच सांगितलं.

तिसरं घर पसंत पडलं, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च काढला, स्वच्छ. मग गेलो एका खाजगी बँकेत, माझा पगार तिथंच जमा होतो. पोरगा एकदम गोड बोलला, सिबिल चांगला आहे सर, तीस लाखांच्या आतल्या घराला नव्वद टक्क्यांपर्यंत लोन बसतं. पत्ता टाइप केला. थांबला. परत टाइप केला. मग म्हणाला, "सर, हा पिनकोड नेगेटिव्हमध्ये दाखवतोय."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं नेगेटिव्ह म्हणजे? तर म्हणे काही एरिया सिस्टिममध्ये तसे टाकलेले असतात, रिकव्हरीवाली माणसं जायला कचरतात वगैरे. कोणी टाकले, कधी टाकले, त्याला पण माहीत नव्हतं. मी म्हटलं अरे भो, मी तिथं राहतो, माझा हप्ता माझ्या पगारातून कापणार, रिकव्हरीला कोण कशाला येईल? तो म्हणाला, "मला कळतंय सर, पण सिस्टिम घेत नाही."

सासूबाईंची कात्रणं मी हसण्यावारी नेली होती, पण हे वेगळं होतं. माझे पगाराचे स्लिप, बारा वर्षांची नोकरी, एकही हप्ता न चुकवलेला, हे सगळं एका सहा आकडी पिनकोडपुढं बाद. त्या दिवशी संध्याकाळी गाडीत उभा राहून येताना डब्यातल्या लोकांकडे बघत होतो, सगळे पासहोल्डर, डबे, बॅगा, घामेजलेले, आणि डोक्यात येत होतं की हे सगळेच नेगेटिव्ह. विड्या ओढणारे सोडले तर एकही गुंड दिसत नव्हता.

शेवटी बायकोचं सॅलरी अकाउंट असलेल्या सरकारी बँकेने केलं. तिथंही घराची किंमत ठरवायला व्हॅल्युअर आला तो जळगावचा, दुपारी बाराच्या उन्हात, टेप लावून मापं घेतली, चार फोटो काढले, आणि जाताना पाण्याचा ग्लास परत देत मला विचारलं, "रात्री इथं काही त्रास?" मी म्हटलं, आहे ना, तीन वाजता उठावं लागतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पाण्याचं सांगितलं तेव्हा हसला, पण व्हॅल्युएशन मात्र चोवीस लाखच लावलं. सौदा सत्तावीसचा, कागदावर घर चोवीसचं, वरची फट आमच्या खिशातून. बायकोचे दागिने नाही मोडले, पण अमळनेरच्या वावराचे जे कापसाचे पैसे होते ते आबांनी दिले. न विचारता. "तठे काय ठेयेल शे" म्हणणाऱ्यांनीच.

रजिस्ट्री बायकोच्या नावावर केली, बाईच्या नावावर असलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, सत्तावीस हजार वाचले. नोंदणी फी पण एक टक्काच, कमाल तीस हजार, म्हणजे वाचलेले सत्तावीस हजार दुसऱ्या खिडकीत तसेच्या तसे भरले. आत अंगठे झाले, फोटो झाला, दुपारी साडेतीनला बाहेर आलो, भूक लागलेली, समोर शेवभाजी खाल्ली, तिखट इतकी की डोळ्यातून पाणी.

वास्तूला सासूबाई आल्या. पहिल्यांदाच. दिवसाच्या गाडीने आल्या, अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून. आम्ही भरीत-पुरी केली होती, बामणोदची वांगी, काडीकुडीवर भाजलेली, शेजारच्या काकूंनी कळण्याच्या भाकरी आणून दिल्या, भाभींनी पायसम. रात्री सगळे गच्चीवर बसले, यार्डातून शंटिंगचा धडाड धडाड आवाज यायला लागला तशा सासूबाई ताठ झाल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, हे काय वाजलं?" मुलगीच बोलली, "आजी, डबे जोडतात." त्यांचा काही विश्वास बसला नाही, रात्री आतून दोन कड्या लावल्या, आणि मध्यरात्रीनंतर पाणी आलं तेव्हा त्या कड्या उघडायला अंधारात आमची जी तारांबळ उडाली ती अख्ख्या गल्लीने बघितली.

आता ऑफिसात नवीन लागलेल्या एका पोराने मागच्या आठवड्यात बाजूला घेऊन विचारलं, "सर, लग्न ठरतंय, जळगावात घर परवडत नाही, भुसावळ कसं आहे खरंच? म्हणजे, तसं आहे का?" मी त्याला विचारलं टाकी किती लिटरची बसवशील? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हटलं रविवारी ये, मुक्काम कर, बायकोलाही घेऊन ये ठरलेली, मग बोलू.

तो येतोय उद्या. आज पाण्याचा नववा दिवस आहे, बहुतेक उद्या रात्रीच येईल.